मे महिन्याचा गोतावळा आणि जूनची शाळा : दोन्हींची एकत्र आखणी कशी करावी

महाराष्ट्रातील राज्य मंडळाच्या शाळा साधारणपणे १५ जूनच्या सुमारास उघडतात. विदर्भात उन्हाची तीव्रता लक्षात घेऊन त्या आठवडाभराने, काही वर्षी त्याहूनही उशिरा सुरू होतात. उन्हाळी सुट्टीत गावच्या घरी सगळ्या भावंडांनी मुलाबाळांसह जमण्याची रीत अजून पुष्कळ घरांत टिकून आहे. ही दोन्ही कामे पंधरा-वीस दिवसांच्या अंतराने येत असल्यामुळे नीट आखणी केली नाही, तर एकत्र येण्याचा आनंद शाळेच्या धांदलीत बुडतो आणि शाळेची तयारी प्रवासाच्या दगदगीत अर्धवट राहते. मी तीस वर्षे प्राथमिक शाळेत शिकवले आणि जवळजवळ तितकीच वर्षे राजापूर तालुक्यातील आमच्या घरचे मे महिन्याचे जमणे सांभाळले. त्यावरून माझे असे ठाम मत झाले आहे की, शाळेची तयारी प्रत्येकाने आपापल्या शहरात परतून एकट्याने करण्यापेक्षा गोतावळ्यातच, सगळ्यांच्या हातांनी करावी. तीस माणसांच्या घरात जे काम दोन दुपारींत हसतखेळत होते, त्याच कामासाठी शहरातील दोघांच्या संसाराला पंधरा रात्री जागावे लागते.

तारीख ठरवताना

सर्वांत महत्त्वाचा निर्णय तारखेचा असतो. आमच्याकडे एके वर्षी सर्वांच्या रजा जुळाव्यात म्हणून १२ ते १४ जून असे तीन दिवस ठरवले गेले. मृग लागून गेला होता, दुसऱ्याच दिवशी पाऊस कोसळू लागला, घाटात दरड आल्याने परतीची वाहने अडकली आणि घरातील पाच मुलांचा शाळेचा पहिला दिवस बुडाला. त्यांतील एक मुलगी नव्या शाळेत जाणार होती. ती तिसऱ्या दिवशी वर्गात गेली, तेव्हा बाकांच्या जोड्या लागून गेल्या होत्या आणि पुढचे कितीतरी दिवस ती शेवटच्या बाकावर एकटीच बसत होती. तेव्हापासून आम्ही २५ मे ते ५ जून या दरम्यानचेच चार दिवस निवडतो. रोहिणी नक्षत्र सुरू झालेले असते, झाडावर शेवटचे आंबे असतात, आणि परतल्यावर मुलांच्या हाती निदान आठ-दहा दिवस उरतात.

मात्र सगळ्या मुलांच्या शाळा एकाच वेळापत्रकाने चालत नाहीत, हे गृहीत धरावे. केंद्रीय मंडळाच्या बहुतेक शाळांचे वर्ष एप्रिलमध्येच सुरू होते. त्या मुलांना सुट्टीतला गृहपाठ असतो आणि तो सोबत आणावा, असे त्यांच्या पालकांना आधीच सांगावे. गोव्यातही २०२५ पासून सहावी ते दहावी आणि बारावीचे वर्ग एप्रिलमध्ये सुरू झाले, त्यामुळे तिकडच्या नातेवाइकांना सुट्टी मिळते ती मे महिन्यातच. आखाती देशांतील भारतीय शाळांना मोठी सुट्टी जुलै-ऑगस्टमध्ये असते, तर अमेरिकेतील शाळा मेअखेरीस किंवा जूनमध्ये बंद होतात. म्हणून परदेशातील भावंडांसाठी तारीख हलवत बसण्यापेक्षा ज्यांना येणे शक्य आहे त्यांना डिसेंबरातच कळवावे, हे बरे.

यंदा दहावी झालेले मूल घरात असेल, तर आणखी एक गोष्ट पाहावी लागते. २०२५-२६ पासून अकरावीची प्रवेशप्रक्रिया संपूर्ण राज्यात ऑनलाइन झाली असून तिचे अर्ज मेअखेर ते जूनच्या सुरुवातीस भरावे लागतात. गावात वारा सुटला की वीज जाते आणि मोबाइलचे नेटवर्कही जाते. त्या मुलाच्या आईवडिलांनी अर्जाचे काम निघण्यापूर्वीच संपवावे, अथवा तालुक्याच्या ठिकाणी जाऊन ते करण्यासाठी एक दिवस राखून ठेवावा.

रेल्वेचे आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून प्रवासाच्या ६० दिवस आधी खुले होते. मे महिन्यातील कोकणच्या गाड्या पहिल्या काही मिनिटांत भरतात, त्यामुळे मार्चच्या मध्यापर्यंत माणसांची यादी पक्की व्हायला हवी. कोकण रेल्वेचे पावसाळी वेळापत्रक जूनच्या मध्यास लागू होते (२०२५ साली ते १५ जूनपासून होते), आणि त्यानंतर गाड्या कमी वेगाने धावतात. आधी परतण्यात हाही फायदा आहे. एसटीने येणाऱ्यांनी सवलती विसरू नयेत : महिलांना निम्मे भाडे, ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना मोफत प्रवास, आणि पाच ते बारा वर्षांच्या मुलांना अर्धे तिकीट. आजीआजोबांचे आधार कार्ड पिशवीत वरच्या बाजूला ठेवावे.

घर, स्वयंपाक आणि खर्च

या भागाबद्दल प्रत्येक घराची स्वतःची घडी असते, म्हणून थोडक्यात सांगते. भातखाऊ मंडळी असतील, तर माणशी एका वेळेस शंभर ग्रॅम तांदूळ धरावेत, म्हणजे तीस जणांना तीन किलो. सकाळी मऊ भात किंवा घावन, दुपारी एकच भाजी आणि आमटी, रात्री कुळथाचे पिठले, असा साधा बेत ठेवावा. रसाचा बेत एकदाच, पण मनसोक्त करावा. स्वयंपाक, पाणी भरणे आणि भांडी यांच्या पाळ्या लिहून माजघराच्या दारावर लावाव्यात आणि त्यांत पुरुषांची व बारा वर्षांवरील मुलांची नावे न चुकता घालावीत. खर्च मोठ्या माणसांच्या संख्येने वाटावा. मात्र गावात बारमाही राहणाऱ्या घराकडून एक रुपयाही घेऊ नये. वर्षभर घर सारवून, शाकारून, दिवाबत्ती करून आपल्यासाठी उभे ठेवणाऱ्या त्या माणसांचा वाटा त्यांनी आधीच दिलेला असतो. आगोटीची, पावसाळ्यापूर्वीची कामे, म्हणजे आमसुले वाळवणे, आंब्याच्या रसाची साठे घालणे, लाकडे आत भरणे, ही याच दिवसांत असतात. पाहुण्यांनी त्यांत हात घालावा, त्यांच्यावर आणखी भार टाकू नये.

कागदपत्रांची एक सकाळ

पहिल्या दिवशी सगळे थकलेले असतात, म्हणून दुसऱ्या दिवसाची सकाळ कागदपत्रांसाठी ठेवावी. हे काम रुक्ष वाटते, पण माझ्या नोकरीत मी ज्या घरांना जूनमध्ये रडकुंडीला आलेले पाहिले, त्यांतील बहुतेक एखाद्या कागदापायीच अडलेली होती. लहान मुलांसाठी जन्मदाखला, आधार कार्ड आणि लसीकरणाचे कार्ड यांच्या प्रती एका पाकिटात घालाव्यात. पहिलीत जाणाऱ्या मुलाला त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरपर्यंत सहा वर्षे पूर्ण झालेली असावीत, असा आपल्या राज्यात नियम आहे. जन्मदाखल्यावरील नाव, आधार कार्डावरील नाव आणि शाळेत सांगायचे नाव यांत एका वेलांटीचाही फरक राहू देऊ नये, कारण पहिलीच्या नोंदवहीत जे लिहिले जाते, तेच पुढे दहावीच्या प्रमाणपत्रापर्यंत जाते. लसीकरणाचे कार्ड उघडलेच आहे, तर पाच-सहा वर्षांच्या वयात द्यायचा त्रिगुणी लसीचा बूस्टर आणि दहाव्या व सोळाव्या वर्षी द्यायची टीडीची (धनुर्वात-घटसर्पाची) लस झाली आहे का, तेही पाहून घ्यावे.

मोठ्या मुलांसाठी गावचे घर ही खरी खाण असते. जातीच्या दाखल्यासाठी अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींना ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींना २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गाला १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांपूर्वीचे पुरावे लागतात. हे पुरावे शहरातील फ्लॅटमध्ये नसतात. ते आजोबांच्या ट्रंकेत, जुन्या शाळेच्या नोंदवहीत किंवा तहसील कार्यालयातील गाव नमुना १४ मध्ये, म्हणजे जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदवहीत असतात. अकरावी-बारावीत विज्ञान शाखा घेऊन पुढे व्यावसायिक अभ्यासक्रमाला राखीव जागेवर जाणाऱ्या मुलांना जात पडताळणी करावी लागते आणि तिच्यासाठी वंशावळ लागते. वडीलधारी माणसे एकत्र बसलेली असतानाच ती लिहून घ्यावी. आजोबांचे नाव, त्यांच्या वडिलांचे नाव, चुलत्यांची नावे, कोण कोणत्या शाळेत शिकले, हे सांगणारी माणसे दरवर्षी कमी होत असतात. वडिलांकडील कोणा रक्ताच्या नातेवाइकाची पडताळणी आधीच झाली असेल, तर त्याच्या वैधता प्रमाणपत्राची प्रत सर्वांनी जवळ ठेवावी. तिचा फार उपयोग होतो. आमच्या घरात या एका सकाळीतून तीन पुतण्यांची कागदपत्रे उभी राहिली, आणि शिवाय आपले पणजोबा चौथीपर्यंत शिकले होते, हे मुलांना पहिल्यांदाच समजले.

कव्हरांची दुपार

दुपारी जेवणे आटोपली की ओटीवर सतरंज्या अंथराव्यात आणि खाकी कागदाची गुंडाळी, कात्र्या, पट्ट्या व नावाच्या चिठ्ठ्या मांडाव्यात. पहिली ते आठवीच्या मुलांना सरकारी, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांत पाठ्यपुस्तके मोफत मिळतात, त्यामुळे त्यांच्यासाठी ती आधी विकत घेऊ नयेत. या मुलांच्या वह्यांना त्या दुपारी कव्हरे घालावीत, आणि पुस्तकांसाठी थोरल्या भावंडाच्या जुन्या पुस्तकाच्या मापाने कागद कापून, घड्या पाडून सोबत द्यावेत. पुस्तके हाती पडली की त्याच संध्याकाळी मूल स्वतः कव्हरे घालू शकते. इतर मुलांची पुस्तके येतानाच घेऊन यावीत.

कव्हर घालण्याची आमची पद्धत जुनीच आहे. कागदावर पुस्तक उघडे ठेवून चारही बाजूंना चार बोटे कागद सोडावा. पुस्तकाच्या पाठीच्या वर आणि खाली दोन-दोन लहान काप देऊन मधली पट्टी आत दुमडावी, मग वरचा व खालचा कागद दुमडून शेवटी बाजूचे भाग पुठ्ठ्यावर घट्ट ओढून घ्यावेत. खळ किंवा गोंद लावू नये, कारण कोकणच्या दमट हवेत त्याला बुरशी धरते आणि झुरळे लागतात. प्लास्टिकचे कव्हरही मी सुचवणार नाही. पावसाळ्यात त्याच्या आत ओल कोंडते. थोरल्या मुलाने धाकट्याच्या वह्यांना कव्हर घालावे आणि धाकट्याने चिठ्ठ्या चिकटवाव्यात, अशी वाटणी केली की तंटे होत नाहीत. नाव मात्र ज्याचे त्याने लिहावे, अक्षर कसेही असले तरी.

जुनी पुस्तके एका भावंडाकडून दुसऱ्याकडे देण्याची उत्तम संधीही हीच असते, पण त्यात आता काळजी घ्यावी लागते. राज्याच्या नव्या अभ्यासक्रमानुसार पहिलीची पुस्तके २०२५-२६ मध्ये बदलली आणि पुढील इयत्तांची टप्प्याटप्प्याने बदलणार आहेत. म्हणून आतल्या पानावरचे आवृत्तीचे वर्ष पाहूनच पुस्तक पुढे द्यावे. अभ्यासक्रमातून गेलेले पुस्तकही टाकू नये. बालभारतीची स्थापना १९६७ साली पुण्यात झाली आणि आमच्या घरात आता तीन पिढ्या तिच्या पुस्तकांवर वाढल्या आहेत. संध्याकाळी आम्ही जुन्या पुस्तकांतील कविता मोठ्या माणसांना म्हणायला लावतो. पन्नाशीच्या काकांना तिसरीतली कविता शेवटच्या कडव्यापर्यंत पाठ आहे, हे पाहून मुले थक्क होतात, आणि पाठांतराला कंटाळणारी मुलेही दुसऱ्या दिवशी आपली कविता म्हणून दाखवायला पुढे येतात. २०२० च्या कायद्याने राज्यातील सर्व शाळांत मराठी शिकवणे अनिवार्य झाले आहे. इंग्रजी माध्यमातील भावंडांना या संध्याकाळी मराठी मोठ्याने वाचायला द्यावी आणि अडलेला शब्द कोणालाही हसू न देता सांगावा.

दप्तराचे वजनही इथेच करावे. काजूच्या बिया आणि आमसुले मोजण्यासाठी कोकणातल्या घरांत लटकता काटा असतो. त्याला भरलेले दप्तर अडकवून आकडा मुलालाच वाचायला लावावा. केंद्राच्या २०२० च्या दप्तर धोरणानुसार दप्तर मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून जड नसावे : पहिली-दुसरीसाठी १.६ ते २.२ किलो, तिसरी ते पाचवीसाठी १.७ ते २.५ किलो, सहावी-सातवीसाठी २ ते ३ किलो, आठवीसाठी २.५ ते ४ किलो आणि नववी-दहावीसाठी २.५ ते ४.५ किलो. पूर्वप्राथमिक वर्गांना दप्तरच नको, असे ते धोरण सांगते. नवे दप्तर घेताना ते रिकामे असतानाच किती भरते ते पाहावे. चित्रांनी मढवलेली पुष्कळ दप्तरे त्यातच हरतात.

गणवेशासाठी फार वेळ घालवू नये. घरात शिलाई यंत्र असेल, तर गतवर्षीच्या विजारीची आणि फ्रॉकची दुमड उसवून लांबी वाढवून घ्यावी, बटणे पक्की करावीत, आणि नवे कपडे शिवताना दोन इंच दुमड राखावी. रेनकोटच्या आत दोऱ्याने नाव घालून घ्यावे, कारण जूनमध्ये वर्गाबाहेर एकसारखे तीस रेनकोट टांगलेले असतात.

गुणांचा विषय

आता ज्या गोष्टीसाठी मी हे सगळे लिहायला बसले, तिच्याकडे वळते. गोतावळा भरतो तेव्हा निकाल नुकतेच लागलेले असतात. २०२५ साली दहावीचा निकाल १३ मे रोजी लागला होता. मुले दारात पाऊल टाकतात तोच कोणीतरी विचारते, "किती टक्के पडले?" विचारणाऱ्याच्या मनात बहुधा काही वाईट नसते, पण त्या एका प्रश्नाने मुलाची चारही दिवसांची सुट्टी कडवट होऊ शकते. एके वर्षी आमच्याच ओटीवर दोन चुलत भावंडांना एकापाठोपाठ गुण विचारले गेले. एकाला नव्वदच्या वर होते, दुसऱ्याला साठच्या आत. दुसरा मुलगा त्या रात्री जेवायला आला नाही. शोधल्यावर तो विहिरीपलीकडच्या कातळावर अंधारात बसलेला सापडला. पुढची दोन वर्षे तो गावी आलाच नाही. त्या मुलाला काजूच्या झाडांवर कलम करता येत होते, तो पोहण्यात सगळ्यांचा गुरू होता, आणि त्या दिवशी त्याविषयी कोणीच काही विचारले नाही, याची खंत मला आजही वाटते.

म्हणून पहिल्या संध्याकाळी, दिवेलागणीनंतर, घरातल्या सर्वांत वडील माणसाने सर्वांसमक्ष सांगावे की, या चार दिवसांत कोणीही कोणाच्या मुलाला गुण विचारणार नाही. ही गोष्ट वडीलधाऱ्याच्याच तोंडून यायला हवी. सुनांनी सांगितली, तर ती मानली जात नाही, हा माझा अनुभव आहे. त्याऐवजी विचारण्याजोगे प्रश्न सुचवून ठेवावेत : यंदा नवीन काय करायला शिकलास, वर्गात तुझ्या शेजारी कोण बसते, कोणता तास लवकर संपतो असे वाटते. ज्याला चांगले यश मिळाले आहे त्याचे कौतुक जरूर करावे, त्याला आजीने जवळ बसवून पेढा भरवावा. मात्र त्या वेळी दुसऱ्या कोणाचे नाव तोंडी येऊ देऊ नये. आणि ज्याला कमी गुण मिळाले आहेत, त्याच्याशी बोलायचे झाल्यास एकाच माणसाने, आमराईत फिरायला नेऊन, पुढच्या वाटेविषयी बोलावे. आयटीआय, तंत्रनिकेतन, कृषी तंत्र विद्यालय यांची माहिती असलेला एखादा मामा किंवा आतेभाऊ बहुतेक घरांत असतो. हे काम त्याच्याकडे आधीच सोपवून ठेवावे.

पहिलीत जाणारे मूल

राज्याच्या शिक्षण विभागाने २०२२ पासून "पहिले पाऊल" या नावाने शाळापूर्व तयारीचे मेळावे सुरू केले. तसाच लहानसा मेळावा घरच्या खळ्यात भरवता येतो आणि तो थोरल्या भावंडांनीच चालवावा. एकाने मुलाला दोरीवरून चालवावे, दुसऱ्याने चिंचोके मोजायला लावावेत, तिसऱ्याने चित्र दाखवून गोष्ट सांगायला लावावी. पण याहून महत्त्वाची तयारी वेगळी असते. आपले पूर्ण नाव सांगणे, पालकांचा फोन क्रमांक म्हणणे, चपलेचा बंद स्वतः लावणे, लघवीला जायचे आहे हे न लाजता सांगणे, आणि डब्याचे झाकण स्वतः उघडून वीस मिनिटांत जेवणे, या गोष्टी न येणारे मूल पहिल्या आठवड्यात फार हिरमुसते. त्यासाठी एक दिवस दुपारचे जेवण सगळ्या लहान मुलांना डब्यातच द्यावे, पडवीत पंगत बसवावी आणि घंटा म्हणून थाळी वाजवावी. माझ्या पाहण्यात इतका उपयोगी खेळ दुसरा नाही.

अक्षरारंभ किंवा पाटीपूजन बहुतेक घरांत दसऱ्याला होते. आम्ही मात्र पहिलीत जाणाऱ्या मुलाकडून याच दिवसांत ताटातल्या तांदळात श्री काढून घेतो, कारण त्याचा हात धरायला आजोबा तेव्हा समोर असतात. "शाळेत गेलास की बाई कशा सरळ करतात बघ," असे वाक्य मात्र कोणीही, लाडाने सुद्धा, उच्चारू नये. या एका वाक्याने घाबरून रडणारी मुले मी दर जूनमध्ये कडेवर घेतली आहेत.

परतल्यावर

गावात मुले रात्री अकरापर्यंत जागतात आणि ते तसेच असू द्यावे. परतल्यानंतर मात्र झोपण्याची व उठण्याची वेळ रोज पंधरा-वीस मिनिटांनी अलीकडे आणावी, म्हणजे आठवड्याभरात ती शाळेच्या वेळेशी जुळते. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला नऊ ते बारा तास झोप लागते. फेब्रुवारी २०२४ च्या शासन निर्णयानुसार चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊ वाजता किंवा त्यानंतर भरवायचे आहेत. तरीही बसचा वेळ धरून घरातून निघण्याची वेळ काय येते ते एकदा काढावे आणि झोपेची वेळ त्यावरून मागे मोजावी. शाळेची वाट एकदा मुलासोबत चालून पाहावी.

शाळेच्या पहिल्या दिवशी संध्याकाळी मुलाकडून गावी फोन करवून घ्यावा. आजीला आधीच सांगून ठेवावे की, "शाळा आवडली का?" असे विचारले, तर एका शब्दात उत्तर येते, त्यापेक्षा डब्यात काय होते, कोणाबरोबर खाल्ले आणि कव्हरावरची चिठ्ठी निघाली का, हे विचारावे. फोन लाउडस्पीकरवर ठेवावा, म्हणजे आजोबांनाही ऐकू येते.